पंखांवरचे दोन दिवे

बेंगळुरू, १३ जून २०२२

ति. मामा,

नोकरी पक्की झाली. आज कंपनीच्या साधना मॅडमनी स्वतः बोलावून सांगितलं आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र हातात दिलं.

नोकरी विमान उडवायची नाही, हे आधीच लिहितो. आमची कंपनी माणसं नेत नाही, फक्त माल नेते. मी जमिनीवरचा माणूस. विमान येऊन थांबलं की चाकांना ठोकळे लावायचे, पोटातला माल उतरवायचा, नवा चढवायचा, वरून जाळी आवळायची. पण इथे दोन वर्षं नीट काम केलं की कंपनीच्या पायलट प्रशिक्षणाच्या निवडीला बसता येतं. निवड झाली तर शिकवायचा खर्च कंपनी करते आणि मग तो माणूस त्यांच्याकडेच विमान उडवतो. बाहेरून शिकणं आपल्या घराला झेपणारं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मला आत शिरायला हे एवढंच दार आहे.

जुन्नरच्या राजमहंमदचाचांचा अरहम माझ्यासोबत लागलाय. मी अर्ज भरत होतो तेव्हा तो शेजारी बसला होता, म्हणून त्याचाही भरला. त्याला विमानाचं काही नाही. म्हणतो, "इथली हवा बरी आहे राव."

पत्र का, ते सांगतो. घरी फोन केला की आई तो स्पीकरवर टाकते आणि शेजारपाजारचे लोक येऊन बसतात. मनातलं बोलायची सोय नाही. तुम्ही म्हणाला होता, माझ्या बाजारातल्या गाळ्याच्या पत्त्यावर लिही. तर हे पहिलं. तुम्ही कळंबला जाल तेव्हा आईला ही नोकरी नेमकी काय आहे ते नीट समजावून सांगा. तुमचं ती ऐकते.

तुमचा
स्वराज

*

नारायणगाव, २८ जून २०२२

चि. स्वराज,

तुझं पत्र गाळ्यावर आलं. हमालांनी हसून घेतलं. "संपतराव, ह्या वयात कुणाची पत्रं यायला लागली?"

तुझ्या आईला समजावायला कळंबला गेलो, तर स्टँडपाशी हायवेच्या कडेला तूच उभा. ट्रॉलीएवढा फ्लेक्स. मागे विमान, पुढे तू काळा चष्मा घालून, आणि खाली 'कळंबचा पहिला पायलट, हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक सूरज आणि मित्रपरिवार'. चष्मा तुझा नाही, कॉम्प्युटरवर चढवलाय.

तुझ्या दोस्ताला, सूरजला धरलं. म्हटलं, "आरं, तो तिथं माल चढवतोय."

तो म्हणतो, "मामा, इमानातच चढवतोय ना? मग झालं की. दोन वर्सांनी परत कशाला छापायचा?"

शीला फ्लेक्सखालीच उभी होती. तुझी आई रस्त्यात कधी मोठ्यानं हसत नाही, त्या दिवशी हसत होती. जीपवाले आता तिला पायलटची आई म्हणून पुढची सीट देतात. मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि चहा पिऊन परत आलो. रागावू नकोस.

इथे टोमॅटोचा हंगाम जोरात आहे. माल निवडायला बसलं की सगळे तुझी आठवण काढतात. बाकीचे नुसतं बघून टाकतात. तू देठाशी अंगठा दाबून, वास घेऊन टाकायचास. लांबच्या गाडीचा कच्चट एकीकडे, पुण्याचा पिकलेला एकीकडे. तुझ्या हातून चुकलेला माल मी कधी पाहिला नाही. मीच शिकवलं म्हणून सांगत नाही. तो हात सांभाळ, जाळीत बोटं अडकवू नकोस.

संपतमामा

*

बेंगळुरू, ४ डिसेंबर २०२२

ति. मामा,

फ्लेक्स उतरवायला सांगा. अरहमने त्याचा फोटो इथे सगळ्यांना दाखवलाय. आता मी ठोकळे घेऊन निघालो की लोक "कॅप्टन, जरा बाजूला" म्हणतात.

काम आवडतंय. विमानात काय काय जातं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. मोबाईल, औषधं, गुलाब, आणि एकदा तर पेट्याच्या पेट्या भरून नुकतीच जन्मलेली कोंबडीची पिल्लं. सगळं विमान चिवचिवत होतं. माल कुठेही ठेवून चालत नाही. मागे वजन जास्त झालं तर विमान शेपटीवर बसतं. तुम्ही टेम्पो भरताना ओरडायचा, "मागं नको, मागं नको," ते मला रोज ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात एक चूक झाली. गॅसच्या पेट्यांवर लेबलं असतात. पेट घेणाऱ्याला लाल, न घेणाऱ्याला हिरवं. संध्याकाळी मी एक लाल पेटी हिरव्यांत लावली. अरहमने पाहिलं, उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "झोपत जा भाई." तिथले दिवे पिवळे आहेत, त्यात नीट दिसत नाही. आता मी लेबलावरचं वाचूनच पेटीला हात लावतो.

स्वराज

*

नारायणगाव, १५ मे २०२३

चि. स्वराज,

फ्लेक्स उतरला. आम्ही नाही, वळवाच्या वाऱ्यानं उतरवला. तुझ्या अण्णांनी तो कांद्याच्या चाळीवर टाकलाय, तुझं तोंड वर करून. पाऊस आला तर तुझ्या चष्म्यावर पडेल, कांदा कोरडा राहील.

वरून विमान गेलं की शीला अंगणात येते. मी म्हटलं, त्यात तुझा पोरगा नाही. म्हणते, "म्हाईत हाय रं दादा. पन बघायला काय व्हतंय?"

तू लिहिलंस, दिव्यात नीट दिसत नाही. डोळ्यांवर ताण देऊ नकोस. गाजर खा.

संपतमामा

*

बेंगळुरू, २ ऑगस्ट २०२४

ति. मामा,

लेखी परीक्षा आणि मुलाखत, दोन्ही पार पडलं. साधना मॅडमनी यादी वाचून दाखवली. मी आहे. अरहमही आहे. त्याला मी जवळजवळ ओढत नेऊन बसवलं होतं.

आता फक्त डॉक्टरी तपासणी. तिची मला काळजी नाही. लहानपणापासून टोमॅटोची कॅरेट उचलून अंग तयार झालेलं आहे. या वेळी आईला खुशाल सांगा. सूरजला मात्र सांगू नका.

स्वराज

*

नारायणगाव, १० ऑगस्ट २०२४

चि. स्वराज,

पत्र वाचलं, गाळा बंद केला आणि सरळ कळंबला गेलो. भर हंगामात गाळा बंद करणारा मी पहिलाच असेन. शीलाला सांगितलं. ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. सोबत आलेली तुझी मामी म्हणाली, तिला एकटीला बसू द्या जरा. तपासणीत पास झाल्याबरोबर कळव.

संपतमामा

*

बेंगळुरू, २४ ऑगस्ट २०२४

ति. मामा,

तपासणीत नापास झालो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिथेच सांगितलं आणि कागदावरही तसंच लिहिलं.

लांबचं, जवळचं, सगळं स्वच्छ दिसतं. मग त्यांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. विचारलं, यात आकडा कोणता आहे? मला आकडा दिसला नाही. वाटलं, मुद्दाम एक कोरं पान ठेवलं असेल. मग दुसरं पान, मग तिसरं. ते म्हणाले, "घाई नको." मी घाई करत नव्हतो, मामा. तिथे काही नव्हतंच.

माझ्यानंतर अरहम गेला. दार उघडं होतं. त्याने त्याच पानांवरचे आकडे दुकानाच्या पाट्या वाचाव्यात तसे वाचले.

लाल आणि हिरवा मला वेगळे दिसत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडलेत. त्यांनी विचारलं, कसे निवडायचास? मी सांगायला लागलो, देठाशी अंगठा दाबायचा, वास घ्यायचा, आणि मधेच गप्प झालो. तुम्ही शिकवलं त्यात काही चूक नव्हती. ते इतकं बरोबर होतं की कुणाला काही कळलंच नाही. मलासुद्धा.

अजून एक तपासणी बाकी आहे. अंधाऱ्या खोलीत लांबून छोटे दिवे दाखवतात, रंग सांगायचे. ती पास झालो तर घेतात. तोवर आईला काही बोलू नका.

स्वराज

*

नारायणगाव, ३१ ऑगस्ट २०२४

चि. स्वराज,

ठिपक्यांच्या पुस्तकापर्यंत आलो आणि पुढे वाचवेना. ते पुस्तक मी पाहिलंय.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. ड्रायव्हरच्या भरतीला पुण्याला गेलो होतो. गाडी चालवून दाखवली, साहेब खूश झाले. मग एका खोलीत तसलंच पुस्तक पुढे केलं. मला वाटलं, ही बुद्धीची परीक्षा आहे. शिकलेल्याला त्यात आकडा सापडतो, आपल्याला दहावीच धड सुटली नाही, आपल्याला कुठला सापडायला? डॉक्टर म्हणाले, "पुढचा." मी बाहेर आलो. घरी सांगितलं, तिथं वशिला लागतो. मामीला आजही तेच माहीत आहे. नंतर मी स्टिअरिंगला हात लावला नाही. दुसऱ्यांच्या गाड्या भरत राहिलो.

पण तेव्हा मी एकटा होतो. तुझ्याजवळ अरहम आहे. कुठल्या पानावर कोणता आकडा ते त्याच्याकडून लिहून घे आणि पाठ कर. दिव्यांचंही काही ठरलेलं असेल, कशानंतर काय. शेवटी परीक्षाच ना? एवढ्या जवळ जाऊन ठिपक्यांसाठी परत फिरू नकोस. मी फिरलो ते पुरे झालं.

संपतमामा

*

बेंगळुरू, ९ सप्टेंबर २०२४

ति. मामा,

अरहमने हे तुमच्या आधीच सुचवलं होतं. म्हणाला, "दिव्यांच्या वेळी मी बाहेर उभा राहून खोकतो. लालला एकदा, हिरव्याला दोनदा. पांढरा आला की शिंकतो." आम्ही पोट धरून हसलो.

मग मी त्याला म्हटलं, आधी बाहेर चल. तिन्हीसांजेची वेळ होती. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा. आकाशात दुसरं विमान दिसलं तर ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय, हे पायलटला त्या दोन दिव्यांवरून कळतं. हे मला तोंडपाठ आहे. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. अरहमने लांबचं एक विमान दाखवलं. म्हणाला, बोल, येतंय की जातंय? मला दोन्ही दिवे सारखेच दिसत होते, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. मी म्हटलं, जातंय. थोड्या वेळाने ते आमच्या डोक्यावरून गेलं.

म्हणून पाठ करणार नाही, मामा. उद्या विमानात शेजारच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असेल, खाली गावं असतील. दिव्यांची तपासणी या महिन्याच्या शेवटी आहे. जसे दिसतील तसे सांगेन.

आणि तुम्ही बुद्धीने कमी नव्हता. ही बुद्धीची परीक्षा नव्हतीच. माझं एवढं ऐका, मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि ते पुस्तक एकदा परत बघा.

स्वराज

*

नारायणगाव, २० सप्टेंबर २०२४

चि. स्वराज,

मंचरला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील. तेच ठिपके आणि तेच कोरं पान. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, जन्मापासून. हुशारीशी त्याचा काही संबंध नाही."

मी म्हटलं, "बाई, परत एकदा म्हणा."

त्यांना वाटलं मला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्यानं म्हटलं. बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलो. समोरून बटाट्याच्या गाड्या चालल्या होत्या. प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर बघत होतो. राग नाही आला. आपण ढ आहोत असं समजून एवढं आयुष्य काढलं, ते आता कुणाकडे जाऊन परत मागायचं, एवढंच मनात येत होतं.

मग तू आठवलास. लहानपणी तू चुकीचा टोमॅटो उचलायचास, तुझे अण्णा ओरडायचे. मी म्हटलं, ओरडू नका, आणि तुला म्हटलं, डोळ्यानं काय बघतोस, हाताला विचार. मला स्वतःला तसंच यायचं. मला वाटायचं मी पोराला हुन्नर देतोय. ओरडू दिलं असतं तर कुणीतरी तुला वेळेवर दवाखान्यात नेलं असतं आणि तू दुसरं काहीतरी मनात धरलं असतंस.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती लिहीत नाही. दिवे नीट बघ.

संपतमामा

*

बेंगळुरू, ५ ऑक्टोबर २०२४

ति. मामा,

दिव्यांतही नापास. मोठ्या डॉक्टरांचा अहवाल काल आला, साधना मॅडमनी समोर बसवून वाचून दाखवला. आता पुढे कुठे दाद मागता येत नाही. चष्म्याने, औषधाने, सरावाने हे बदलत नाही, तेही विचारून घेतलं.

अरहमची निवड झाली. त्याने मला सांगितलं नाही, यादीवरून कळलं. मी जाऊन मिठी मारली तर म्हणतो, "मी नाही जाणार. मला हे कधी पाहिजे होतं? तुझ्यामुळे बसलो." मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. तो पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला जातोय. शिकून आला की तो आमच्याच विमानात पुढे बसेल आणि मी मागे त्याचा माल लावीन.

नोकरी सोडत नाही. वजनाचा हिशोब मांडणाऱ्यांत एक जागा निघते आहे, तिथे घेऊ, असं साधना मॅडम म्हणाल्या. काम मला येतं, आवडतंही. फक्त सध्या विमान वर उठताना मी तिकडे बघत नाही. कुणी विचारलं तर डोळ्यांत धूळ जाते म्हणतो.

दिवाळीत माल खूप असतो, सुट्टी नाही. म्हणून आधी येतोय. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी कळंबला उतरेन. आईला मी समोर बसून सांगेन. तुम्ही तिथे असा. डोळ्यांमुळे झालं, एवढंच सांगायचं. इथल्या डॉक्टरांनीही मला पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मी तुम्हाला लिहिली नाही. मंचरच्या बाईंनी तीच सांगितली असेल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल. ती आईला कळता कामा नये.

स्वराज

*

नारायणगाव, १४ ऑक्टोबर २०२४

चि. स्वराज,

तीच सांगितली. मामाचं हे भाच्याला येतं आणि मधे आई असते. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण पोराला जातं ते तिच्याकडूनच. तू हे माझ्यापासून लपवलंस, मी तुझ्यापासून. दोघांनी एकाच माणसासाठी लपवलं आणि त्याचा उपयोग झाला नाही.

काल शीला गाळ्यावर आली. एकटी, जीपने. उलट्या कॅरेटवर बसली. म्हणाली, "दादा, तू मंचरला डोळ्याच्या दवाखान्यात कशाला गेलतास? तुला तर आजून सुईत दोरा ओवता येतो."

मी म्हटलं, "डोळं चुरचुरत व्हतं."

"आन् स्वराज? मेडिकलचं इचारलं की त्याच्याकडचं नेटवर्क जातं. बाकी समद्याला आसतं."

मी कॅरेट मोजायला लागलो. मोजलेलेच परत मोजत होतो.

ती म्हणाली, "माझ्या लग्नानंतरच्या पयल्या भाऊबीजेला तू साडी आणली व्हतीस. हिरवी हाय म्हणालास. हिरव्या चुड्यावर शोभंल म्हणालास. ती हिरवी नव्हती, दादा."

"मग कंच्या रंगाची व्हती?"

"आता सांगून काय करतूस? तू लई हौसंनं आणली व्हतीस. समदी हसाया लागली, तवा मीच डोळं वटारून गप केलं सगळ्यांना. तुला कधी कळू दिलं न्हाई. पुढं स्वराज ल्हान आसताना त्याला हिरव्या मिरच्या आणाया धाडला, तर लालच तोडून आणल्या त्यानं. मला तवाच ती साडी आठवली. म्हटलं, पोर हाय, खेळाच्या नादात आसंल."

गाळ्यात हमाल होते. ते बाहेर जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "हे माझ्याकडनं गेलं ना त्याच्याकडं?"

मी म्हटलं, न्हाई. फार पटकन म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून उठली.

तू रविवारी येतोयस हे फोनवर तूच तिला सांगितलंयस. म्हणाली, "ती साडी ट्रंकंत हाय. रईवारी तीच नेसून स्टँडवर जाते. तो उतरला की पयलं इचारते, बाळा, कंचा रंग हाय सांग. तू मधी बोलायचं न्हाई, दादा. तुमी दोघं मला काय सांगत न्हाई, मग मी माझं बघते."

तिला जीपमध्ये बसवून दिलं. पुढच्या सीटवर बसायला ती तयार नव्हती, मागे बायकांत जाऊन बसली.

खरं सांगतो, हे पत्र तुला तो रंग कळवायलाच घेतलं होतं. तू बरोबर रंग सांगितला असतास, तिला वाटलं असतं पोराचे डोळे चांगले आहेत, नापास व्हायचं कारण दुसरं काही असेल. दुसरं काय, ते आपण मागाहून ठरवलं असतं. पण कागद पुढे घेतल्यावर लक्षात आलं, तो रंग मी तुला कळवू शकत नाही. मला ती साडी अजून हिरवीच आठवते. दुकानदाराने घडी उलगडली तेव्हाही हिरवीच होती. मामीला विचारावं तर सगळंच सांगावं लागेल, आणि तिला सांगितलं की शीलाला सांगितल्यासारखंच.

तेव्हा रविवारी सकाळी गाडी थांबेल, शीला दारासमोर उभी असेल. तुझी बॅगसुद्धा खाली टेकू देणार नाही, आधी विचारेल. तू काय म्हणायचंस ते मी सांगणार नाही. मी तिच्या शेजारी उभा राहणार आहे, अगदी खांद्याला खांदा लावून. एवढंच मला करता येण्यासारखं आहे.

संपतमामा